जे मूल दारापर्यंत येत नाही

शाळेतल्या समुपदेशकाकडे मुलं बहुधा दोन वाटांनी येतात. काहींना शिक्षक पाठवतात. वर्गात मारामारी झाली, गृहपाठ आठवडाभर आला नाही, चाचणीत गुण घसरले, की वर्गशिक्षक चिठ्ठी देतात. काहींना पालक घेऊन येतात. परीक्षेची भीती, मोबाइलचा नाद, दहावीनंतर कोणती शाखा, अशी कारणं असतात. पण प्रत्येक शाळेत असंही एक मूल असतं, जे या दोन्ही वाटांनी येत नाही. ते मागच्या बाकावर गप्प बसतं, कोणाला त्रास देत नाही, म्हणून शिक्षक त्याला पाठवत नाहीत. समुपदेशक नावाचा माणूस शाळेत असतो हेच त्याच्या घरी ठाऊक नसतं, म्हणून घरचंही कोणी घेऊन येत नाही. आधी सोमवारी दांडी पडते, मग बाजाराच्या दिवशी, मग सणानंतर पंधरा दिवस. एक दिवस हजेरीपटात त्याच्या नावापुढे 'सतत गैरहजर' असा शेरा पडतो आणि शाळेपुरता त्याचा विषय संपतो.

समता आणि समावेशन हे शब्द शिक्षणाच्या प्रत्येक धोरणात असतात. समुपदेशकाच्या कामात त्यांचा अर्थ काय, हे पाहायचं तर या न येणाऱ्या मुलापासून सुरुवात करावी लागते. माझं मत स्पष्ट आहे. समुपदेशक फक्त खोलीत बसून येईल त्या मुलाशी प्रेमाने बोलत राहिला, तर त्याच्या चांगुलपणाचा लाभ मुख्यतः आधीच आधार असलेल्या मुलांना मिळतो. ज्याच्या आईवडिलांना प्रश्न विचारता येतात, त्यालाच उत्तर मिळतं. म्हणून समतेचं काम करणाऱ्या समुपदेशकाला खोलीबाहेर पडून शाळेची रीत तपासावी लागते. कोणत्या नियमाने, कोणत्या सवयीने, कोणत्या वाक्याने मूल बाहेर ढकललं जातं, हे शोधावं लागतं आणि मुख्याध्यापकांसमोर मांडावं लागतं.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. सातारच्या शाळेत लहानग्या भीमराव आंबेडकरांना कोपऱ्यात, घरून आणलेल्या तरटावर बसावं लागे आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाणी मिळत नसे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. त्या मुलाला धीर देणारा कोणी भला माणूस शाळेत असता, तर त्याला थोडं बरं वाटलं असतं. तरट आणि पाणी मात्र तिथेच राहिलं असतं. ते हलवायला नियम बदलावा लागतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांतल्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली, १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि १९१९ मध्ये अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांच्या शाळेत घ्यावं असा हुकूम काढला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला सुरू केलेल्या शाहू बोर्डिंगमध्ये वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. या दोघांनी मुलाच्या मनाची काळजी घेतली ती त्याच्या ताटाची, झोपण्याच्या जागेची आणि फीची व्यवस्था लावून. आजच्या समुपदेशकाने आपली परंपरा शोधायची तर ती इथे आहे.

अमेरिकेतल्या शालेय समुपदेशनाचं वळणही पाहण्यासारखं आहे. तिथे १९०८ मध्ये बॉस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी स्थलांतरित आणि गरीब तरुणांना काम निवडायला मदत करणारं कार्यालय काढलं आणि व्यवसाय मार्गदर्शनाची सुरुवात झाली. पुढे शाळांमध्ये समुपदेशक आले. मात्र कोणत्या मुलाला बीजगणिताच्या वरच्या वर्गात बसवायचं आणि कोणाला नाही, हे ठरवण्यात त्यांचाच हात असे. कृष्णवर्णीय आणि गरीब मुलं वरच्या वर्गांपर्यंत पोचत नव्हती. १९९० च्या दशकात तिथल्या जाणत्यांनी हा प्रश्न उघडपणे धरला: समुपदेशक दार उघडतो आहे की राखतो आहे? तेव्हापासून शाळेचे आकडे वंश, उत्पन्न, लिंग यांनुसार वेगळे काढून तफावत कुठे आहे ते पाहणं, हा समुपदेशकाच्या कामाचा भाग मानला जाऊ लागला. तिथली समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा असं सांगते.

आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या बहुसंख्य शाळांत स्वतंत्र समुपदेशक भेटत नाही. शहरातल्या खासगी शाळांत तो असतो, तिथे फीही तशीच असते. म्हणजे जिथे गरज सर्वांत मोठी, तिथे हे काम वर्गशिक्षिका, विशेष शिक्षक किंवा एखादी संवेदनशील बाई आपल्या तासांमधून वेळ काढून करते. पुढे 'समुपदेशक' म्हणताना मी तिलाही धरतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूतून हा खटला उभा राहिला होता. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करावी, असं त्यात आहे. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल घटक, अपंग, लैंगिक अल्पसंख्य अशा विद्यार्थ्यांशी भेदभाव न करता वागण्याचं प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावं, हेही त्यात स्पष्ट म्हटलं आहे. मानसिक आरोग्य आणि समता हे एकच काम आहे, हे देशातल्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केलं ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

हजेरीपट वाचणं

समुपदेशकाचं पहिलं हत्यार हजेरीपट. वर्षातून चार वेळा तो वेगळ्या नजरेने वाचला, तर शाळेचं खरं चित्र दिसतं. दहा दिवसांपेक्षा जास्त गैरहजर मुलांची नावं एका कागदावर काढायची आणि त्यांच्यापुढे वस्ती, घरची बोली, आईवडिलांचं काम, भावंडांत कितवं, मुलगा की मुलगी, हे लिहायचं. बहुतेक वेळा नावं विखुरलेली नसतात. एका वस्तीवरची पाच मुलं असतात, कारण ओढ्याला पाणी आलं की वाट बंद होते. सातवी-आठवीतल्या मुली महिन्यातले ठरावीक दिवस येत नाहीत, कारण मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही किंवा पाणी नाही. एखाद्या वर्गातली एकाच समाजाची मुलं एका ठरावीक विषयाच्या तासाला गळतात. अशा वेळी एकेका मुलाला बोलावून 'बाळ, शाळेत नियमित यायला हवं' असं सांगण्यात अर्थ नसतो. कडी बसवायला हवी. त्या तासाला काय होतं ते पाहायला हवं.

शिक्षा झालेल्या मुलांची यादीही अशीच वाचावी. वर्गाबाहेर कोणाला उभं केलं जातं, पालकांना आणायला कोणाला सांगितलं जातं, चोरी झाली की पहिल्यांदा कोणाचं दप्तर तपासलं जातं? पारधी समाजाच्या मुलांना हा अनुभव पिढ्यानपिढ्या येत आला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सबंध जमातींच्या कपाळी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती विमुक्त झाल्या, पण वर्गात पेन हरवलं की नजरा अजून त्याच बाकाकडे वळतात. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी करतं. सर्वांदेखत एकाच मुलाचं दप्तर उलटं करणं हा मानसिक छळ आहे, हे शिक्षकांच्या बैठकीत सांगण्याचं धैर्य समुपदेशकाला दाखवावं लागतं. हे अवघड असतं, कारण ज्यांना सांगायचं ते रोजचे सहकारी असतात. तरी सांगावं.

आता एक फार साधं वाटणारं दृश्य घ्या. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे असतात. शिक्षक वर्गात येतात आणि म्हणतात, "एससी, एसटीवाल्यांनी उभं राहा रे." मुलं उभी राहतात. सकाळपर्यंत जी एकमेकांच्या डब्यात हात घालत होती, त्यांना आता एकमेकांची जात कळते. शिक्षकाच्या मनात काही वाईट नसतं, त्याला दुपारपर्यंत यादी पाठवायची असते. पण त्या अर्ध्या मिनिटात जे घडतं ते मुलं मोठी झाल्यावरही विसरत नाहीत. उपाय अगदी स्वस्त आहे. नावं कार्यालयातल्या नोंदींवरून काढायची, पालकांना स्वतंत्र निरोप द्यायचा, कागदपत्रं मुलाने वर्गात नव्हे तर कार्यालयात द्यायची. शालेय पोषण आहाराच्या पंगतीत कोण कुठे बसतं, वाढपाचं काम कोणाकडे आणि झाडण्याचं काम कोणाकडे, याचीही पाळी लावून द्यायची. असा एक बदल समुपदेशकाने करून घेतला, तर तो वर्षभराच्या भेटींपेक्षा अधिक मुलांना पोचतो.

वर्गात एकटं कोण पडलं आहे हे शोधायला जेकब मोरेनो यांनी १९३० च्या दशकात रूढ केलेली समाजमितीची पद्धत अजून उपयोगी पडते. प्रत्येक मुलाला चिठ्ठीवर लिहायला सांगायचं: सहलीत तुला कोणाशेजारी बसायला आवडेल, गटात काम करताना कोण हवं? कोण नको, हे मात्र विचारायचं नाही, त्याने जखम वाढते. चिठ्ठ्या जुळवल्या की ज्यांचं नाव कोणीच लिहिलं नाही अशी दोन-तीन मुलं दिसतात. त्यांना मित्र जोडायला शिकवणं हा कामाचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा म्हणजे बाकांची रचना, गटांची वाटणी आणि स्नेहसंमेलनातली पात्रं पुन्हा ठरवणं. आणि हो, या चिठ्ठ्या कुलूपबंद राहिल्या पाहिजेत.

कागद मिळवून देणं

गरीब मुलाच्या वाटेतली सर्वांत मोठी भिंत पुष्कळदा कागदाची असते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार-बँक जोडणी, अपंगत्व प्रमाणपत्र, बारावीनंतर लागणारी जात पडताळणी. ज्या घरात कोणी सरकारी कार्यालयात कधी गेलेलं नाही, त्या घरातल्या मुलाला 'आत्मविश्वास बाळग' असं सांगण्याआधी तहसीलमध्ये कोणत्या खिडकीवर जायचं हे सांगावं. काही समुपदेशकांना हे आपलं काम वाटत नाही. माझ्या मते ते त्यांचंच काम आहे, कारण कागद न मिळाल्याने खचलेलं मूल शेवटी त्यांच्याकडेच यायचं असतं, किंवा यायचंही राहून जायचं असतं.

आठवीत घेतली जाणारी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, जिला सगळे एनएमएमएस म्हणतात, ती उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी महिना १,००० रुपये मिळतात. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेल्या मुलांसाठी ती आहे. मजुरी करणाऱ्या घरात ही रक्कम मुलाला शाळेत ठेवू शकते. पण अर्ज भरायला शिक्षक 'हुशार' चार मुलांना सांगतात आणि बाकीच्यांना परीक्षा होऊन गेल्यावर कळतं. सर्व पात्र मुलांना सांगितलं का, एवढंच समुपदेशकाने तपासलं तरी पुष्कळ झालं.

शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे आरटीईच्या, कलम १२ खाली खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशस्तरावर २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने जवळ शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना यातून सूट देणारा बदल केला. मुंबई उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी जुलैत रद्द केला. प्रवेशाच्या या लढाईची बातमी होते, आतल्या वर्षांची होत नाही. 'आरटीईची मुलं' असा शब्दप्रयोग शिक्षकांच्या खोलीत सर्रास चालतो आणि तिथून तो मुलांच्या तोंडी जातो. सहल, गणवेश, स्मार्ट क्लासची वर्गणी, वाढदिवसाला वाटायची चॉकलेटं, प्रत्येक वेळी घरातली ऐपत वर्गात उघडी पडते. आणि सर्वांत अवघड वळण आठवीच्या शेवटी येतं. कायद्याचं मोफत शिक्षण आठवीपर्यंत आहे. नववीत पूर्ण फी मागितली जाते आणि आठ-नऊ वर्षं ज्या वर्गात वाढला तो वर्ग मुलाला सोडावा लागतो. हे वळण येणार हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, तरी बहुतेक कुटुंबांना ते आठवीच्या निकालाला कळतं. समुपदेशकाने सातवीतच पालकांना बोलावून पर्याय मांडायला हवेत: फी सवलतीसाठी संस्थेकडे अर्ज, जवळची अनुदानित शाळा, माध्यम बदलणार असेल तर त्याची वर्षभराची तयारी.

शिकण्यातल्या अडचणींचं उदाहरण तर विषमतेचा धडाच आहे. वाचताना अक्षरं उलटसुलट होणाऱ्या, लिहिताना जोडाक्षरांत अडकणाऱ्या हुशार मुलांची ओळख २००७ च्या 'तारे जमीं पर' चित्रपटाने घराघरांत करून दिली. मुंबईत सायन, नायर, केईएम या सार्वजनिक रुग्णालयांत तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळण्याची सोय आहे आणि राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. नियमाप्रमाणे ही तपासणी आठव्या वर्षी, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी व्हायला हवी. पण सवलत घेणारी मुलं कोण असतात? ज्यांच्या आईने इंटरनेटवर वाचलं, ज्यांच्या वडिलांना तीन वेळा रजा काढून रुग्णालयात जाता आलं, ती. परभणीच्या एखाद्या तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत तीच अडचण असलेल्या मुलाला 'ढ' म्हणतात. तो आठवीपर्यंत ढकलत ढकलत येतो आणि नववीत गळतो.

यावर काही करता येतं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' नावाची चाचणी भारतीय भाषांसाठी तयार केली. हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर ती मराठीतही आहे आणि तिच्यातला चाळणीचा भाग पहिली ते पाचवीच्या वर्गशिक्षकाला वापरता येतो. समुपदेशकाने तिसरीतल्या सगळ्या मुलांची अशी चाळणी करून घ्यावी, गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकाला बोलवावं आणि गरज असलेल्या मुलांना एकाच दिवशी, एकाच गाडीतून जिल्हा रुग्णालयात न्यावं. एकेका आईला स्वतःची वाट शोधायला लावू नये. सवलतींचं पुढचं टोकही सांगून ठेवावं. गणिताऐवजी पर्यायी विषय घेतला तर दहावी सोपी जाते, पण पॉलिटेक्निकसारख्या वाटा बंद होऊ शकतात. हा निर्णय मुलासमोर बसून, त्याला समजेल अशा भाषेत झाला पाहिजे.

घरची बोली, उसाचा फड आणि लग्नाचा मुहूर्त

मेळघाटातलं कोरकू मूल किंवा भामरागडचं माडिया मूल आश्रमशाळेत येतं, तेव्हा त्याची आई, त्याचं जंगल आणि त्याची भाषा एकाच दिवशी सुटते. दिवाळीच्या सुट्टीनंतर काही मुलं परतत नाहीत. त्याला शाळा 'पळून जाणं' म्हणते. त्याच्या भाषेत दोन वाक्यं बोलणारा एक मोठा माणूस पहिल्या महिन्यात जवळ असला, तर चित्र बदलतं. समुपदेशकाला ती भाषा येत नसेल, तर त्याच गावची अंगणवाडी सेविका, वसतिगृहातली वरच्या वर्गातली मुलगी किंवा स्वयंपाकघरातली मावशी दुभाषा होऊ शकते. शहरातही हेच लहान रूपात घडतं. 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला वर्ग हसतो, शिक्षकही हसतात, आणि पुढची दोन वर्षं ते मूल हात वर करत नाही. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, वडारी बोलणारं मूल चुकीचं बोलत नाही, ते घरचं बोलतं. प्रमाण मराठी शाळेने शिकवावीच, पण आधी त्याचं बोलणं ऐकून घेऊन.

बीड, जालना, धाराशिव, पाथर्डी भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कोयते निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली असते, म्हणून जावंच लागतं. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर कोपी उभारायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतायचं. मूल बरोबर गेलं तर शाळेचा अर्धा हंगाम जातो, त्यातही थोरली मुलगी धाकट्यांना सांभाळायला लागते. मागे ठेवलं तर आजीआजोबांच्या जिवावर. यासाठी शासनाची हंगामी वसतिगृहं आहेत, स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत सहज बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे, आणि दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही असं कायदाच म्हणतो. समुपदेशकाचा खरा हंगाम ऑगस्ट-सप्टेंबर. तेव्हाच घरोघर जाऊन कोण जाणार, कोण राहणार याची यादी करायची, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठवायला लावायचा, जाणाऱ्या मुलांच्या हाती कार्ड द्यायचं आणि पोचतील त्या गावच्या मुख्याध्यापकांना फोन करायचा. मार्चमध्ये परतलेल्या मुलाला 'तू इतके दिवस कुठे होतास' असा जाब विचारला, की ते उन्हाळ्यानंतर येत नाही. त्याने फडावर काय पाहिलं, काय शिकलं, हे विचारणारा एक माणूस शाळेत असला पाहिजे.

मुलींचं शिक्षण याच हंगामाशी बांधलेलं आहे. मागे राहिलेली वयात आलेली मुलगी ही आईवडिलांना जोखीम वाटते आणि लग्न हा त्यांना सुरक्षित उपाय वाटतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. देशाचा आकडा २३.३ होता. पुढारलेल्या म्हणवणाऱ्या राज्याला हा फरक फार थोडा आहे. मुलगी शाळेत येणं कमी करते, मैत्रिणींशी बोलणं थांबवते, हातावर मेंदी दिसते, तेव्हा समुपदेशकाच्या हाती काही दिवसच असतात. आईशी बोलावं, वडिलांची भीती समजून घ्यावी, वसतिगृहाची किंवा नातेवाइकांकडे राहण्याची सोय सुचवावी. तरी थांबत नसेल तर गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) असतो आणि चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक आहे. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असणं बंधनकारक केलं. ती कागदावर आहे की दर महिन्याला बसते, हे पाहणं समुपदेशकाचं काम.

इथे गुप्ततेचा प्रश्न येतो. लहान गावात समुपदेशक, सरपंच आणि मुलीचा मामा एकाच पारावर बसतात. मुलीने सांगितलेली गोष्ट संध्याकाळी घरी पोचली, तर त्या शाळेतली कोणतीही मुलगी पुन्हा तोंड उघडणार नाही. पहिल्या भेटीतच सांगावं: तू सांगशील ते मी कोणाला सांगणार नाही, पण तुझ्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल तर मला सांगावंच लागेल, आणि सांगण्याआधी तुला सांगेन. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक केलं आहे. शाळेच्या नावासाठी प्रकरण दडपणारा मुख्याध्यापक आणि गप्प बसणारा समुपदेशक, दोघंही शिक्षेस पात्र ठरतात.

तृतीयपंथी किंवा आपल्या लिंगओळखीबद्दल गोंधळलेल्या मुलांबद्दल शाळा अजून बोलतच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा निकालाने आणि २०१९ च्या कायद्याने त्यांचा हक्क मान्य झाला आहे. चिडवणं थांबवणं, सुरक्षित स्वच्छतागृह, मुलाने सांगितलेल्या नावाने हाक, एवढ्या तीन गोष्टींनी बरीच शाळा त्या मुलाची होते.

दहावीनंतरच्या मार्गदर्शनात भेदभाव सर्वांत सभ्य रूपात येतो. राज्यात २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली गेली. हेतू चांगला होता. पण ज्या मुलाने प्रयोगशाळा पाहिली नाही, वास्तुविशारद कधी भेटला नाही, त्याचा कल कशाकडे दिसणार? त्याने जे पाहिलं तेच तो निवडेल. म्हणून चाचणीचा कागद हातात देण्याआधी वर्षभर माणसं भेटवावीत: त्याच तालुक्यातून शिकून परिचारिका झालेली, कृषी पदवीधर झालेला, आयटीआयमधून स्वतःचं गॅरेज काढलेला. 'तुझ्या घरच्यांना झेपेल असं घे' हा सल्ला दयेने दिला जातो आणि तो दार लावतो. जुलै २०२४ पासून राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. हे माहीत नसलेला मार्गदर्शक एखाद्या मुलीला नकळत तिच्या हक्काच्या जागेपासून दूर ठेवतो.

समुपदेशकाला स्वतःकडेही पाहावं लागतं. महाराष्ट्रात नवीन मुलाला आपण पहिला प्रश्न विचारतो तो आडनावाचा, आणि उत्तर ऐकताच मनात काही तरी नोंदलं जातं. ते नोंदलं जाऊ नये असं म्हणून चालत नाही, ते होतंच. म्हणून काही समंजस समुपदेशक पहिल्या भेटीत फक्त नाव आणि आवड विचारतात. वर्षाअखेरीला आपल्या भेटींची वही काढून, कोणत्या वस्तीतली, कोणत्या माध्यमातली, किती मुली आणि किती मुलं आपल्याकडे आली, याची बेरीजही करावी. जी वस्ती त्या वहीत नाही, तिथे जूनमध्ये पहिल्यांदा जावं.

हे सगळं एका माणसाच्या चांगुलपणावर टिकत नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात आणि वंचित गटांतल्या पालकांना प्रमाणात स्थान असावं असं ठरवलं आहे. तुम्ही पालक असाल, तर तुमच्या शाळेच्या पुढच्या बैठकीत इमारतीचा रंग आणि स्नेहसंमेलन यांच्याआधी एक विषय घ्यायला लावा: यंदा कोणती मुलं यायची थांबली, आणि त्यांच्या घरी कोण जाऊन आलं. उत्तर मिळेपर्यंत तो विषय इतिवृत्तात राहू द्या.